वार कुणी घ्यायचा

माझ्या धाकट्या बहिणीने, चिमणीने, लग्न केलं याचं मला काही नाही. नवरा दातांचा डॉक्टर आहे, हसतमुख आहे, आईचा तर लाडका. पण त्याने माझ्या बचावाच्या नियमांत नाक खुपसलं आणि माझं डोकं फिरलं.

आमचा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट मी सांगायची, राक्षस आणि लुटारू मी चालवायचे, आणि वार लागला की हुकला ते फाशांनी ठरवायचं. चिमणी शाळेत होती तेव्हापासून नियम मी करायचे आणि तिने खेळून बघायचे, असं चालत आलंय. आता त्याचं पुस्तक छापायचं होतं. बचावाचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि त्यावर मी अख्खा उन्हाळा घालवला होता. आधी वार चुकवायचा फासा, मग ढालीचा फासा, शेवटी चिलखताची वजाबाकी. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

जावईबापूंनी चहाचा कप खाली ठेवला. "दादा, एक सुचवू? बचावाला फासाच नको. वार आला की लागलाच. तो कुणी घ्यायचा, एवढंच टेबलावरच्यांनी ठरवायचं. जो आधी 'माझा' म्हणेल, त्याला लागला."

"आणि चिलखत?"

"जितकं जाड, तितके जास्त वार सोसायचे."

"अय्या, किती सोपं!" चिमणीने टाळीच वाजवली. माझ्या एकाही नियमाला तिने कधी टाळी वाजवली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! पण खेळून बघितल्याशिवाय नियम ठेवायचा नाही आणि काढायचाही नाही, ही आमच्या घरची शिस्त. मी गोड हसून म्हटलं, "बघू की खेळून."

माझा बेत साधा होता. सगळे वार जावईबापूंच्या पात्रावर टाकायचे. त्यांनी वैदू घेतला होता, अंगात नुसता सदरा. तो पहिल्या झटक्यात मेला की नियम बाद आणि विषय संपला.

"राक्षसाचा वार, वैदूवर," मी म्हणालो.

"माझा," चिमणी म्हणाली.

तिची तिरंदाज लहानपणापासूनची. चिमणी तापाने अंथरुणावर पडली होती तेव्हा आम्ही दोघांनी मिळून रचलेली. चिलखत बेताचंच. मी परत वैदूवर वार टाकला.

"माझा."

ढालवाल्याचं पात्र घेऊन बसलेला आमचा मावसभाऊ बिस्कीट चघळत नुसता बघत होता. मत्सराने माणूस आंधळा होतो म्हणतात. मला तर सगळं लख्ख दिसत होतं. राक्षसाचं तोंड दुसरीकडे वळवणं माझ्याच हातात होतं. मी वळवलं नाही.

"वैदूवर."

"माझा!" जावईबापू ओरडले, पण चिमणी त्यांच्या आधी बोलून गेली होती. तिरंदाज पडली.

चिमणीने डोळे पुसले आणि ती हसायला लागली. "दादा, काय जबरदस्त नियम आहे रे!" माझ्या नियमांनी इतकी वर्षं तिला वाचवलं होतं, पण रडवलं कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे माझं प्रकरण काढून त्यांचं घातलं. नियम चांगला होता, त्याला मी काय करणार?

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. राक्षस चालवणाऱ्याचं टेबलावर पात्रच नसतं. त्याच्यासाठी वार घेणार कोण आणि कसा?

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "जावईबापू, आज राक्षस तुम्ही चालवा. मी खेळतो." मी पहारेकरी घेतला आणि जुन्या सवयीने त्याला सगळ्यात जड चिलखत चढवलं. चिमणीने नवी तिरंदाज रचली होती.

पहिलाच वार माझ्यावर आला. मी वाट बघितली. मावसभाऊ बिस्किटाचा पुडा उघडत होता. चिमणी आपले बाण मोजत होती.

"चिमणे," शेवटी न राहवून मी म्हटलं, "माझ्यावर वार आलाय."

तिने मान वर केली आणि ती अगदी मायेने म्हणाली, "मग घे की, दादा. तुला काय होतंय? सगळ्यात जाड चिलखत तुझंच तर आहे."

जावईबापू माझ्याकडे बघत थांबले होते.

"माझा," मी म्हणालो.