घंटेचे दोन टोले

"माही शीळ आयकू आल्याबिगर कवाड उघडजो नोको. मोहावर अस्वल येते."

नवऱ्याचं हे सांगणं मनकर्णाबाईनं तीस वर्षं पाळलं. रामाजी पहाटे मोहफुलं वेचायला जायचा आणि उजाडताना मागच्या वाडीतून शीळ घालायचा. ती देवापुढची घंटा दोनदा वाजवायची, म्हणजे आयकलं. मगच कडी निघायची.

आजही शीळ आली. रामाजीला जाऊन दोन महिने झाले होते. त्याच्या अस्थींचं गाडगं मागच्या वाडीतल्या मोहाच्या फांदीला लटकत होतं. "मार्कंड्याले नेऊन वैनगंगेत सोडजो," असं त्यानं सांगितलं होतं, आणि त्याचा हात हाती घेऊन ती हो म्हणाली होती. पण तेरवीच्या पहाटेच शीळ आली. तेव्हापासून रोज ती घंटा वाजवत होती.

"बाई, भृंगराज पाखरू होय तो, कोनाचाबी आवाज काढते," शेजारची धुरपता काल म्हणाली होती. "परवा माह्या कोंबडीसारखा वरडला. मी येड्यावानी पिल्लं मोजत बसली."

"पाखरूच असन. पन शीळ त याहिचीच हाये न. हाक मारून राह्यलेल्या मानसाले पान्यात कसं सोडू?"

तेच बोलणं मनात घोळत होतं. उत्तर गेलं नाही की रामाजी पुन्हा शीळ घालायचा. मनकर्णाबाईनं घंटा उचलली आणि तिचा लोलक चिमटीत घट्ट धरला.

शीळ पुन्हा आली नाही. मोहावरून घंटेचे दोन टोले आले. दुसरा जरा दबका. मनगट दुखू लागल्यापासून तिच्या हातून तो तसाच पडायचा.

तिनं हातातल्या मुक्या घंटेकडे पाहिलं, मग कवाडाकडे. हाक कोणाची आणि ओ कोणाची, काही उमगेना. निरांजन विझेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग तिनं अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, गाडगं उतरवून धुतल्या फडक्यात बांधलं.

"सकाळीच कुठी चाल्ली बाई?" कुंपणापलीकडून धुरपतानं विचारलं.

"मार्कंड्याले."

"आन तुह्या पाखराले घंटी कोन वाजवन?"

मनकर्णाबाईनं फडक्याची गाठ आवळली. समोरचं दार ओढून घेत असताना मागून शीळ आली. तिचा हात कडीवर थांबला. पाठोपाठ मोहावरूनच दोन टोले आले, दुसरा दबका.

तिनं कडी लावली, गाडगं छातीशी धरलं आणि बसच्या रस्त्याला लागली.