शेड कोणाची

घरामागची शेड एक आणि गाड्या दोन, हेच आमच्या भांडणाचं मूळ. मी गुरांची डॉक्टर. माझी बुटकी, चौकोनी जीप ओढा, चिखल, ढेकळं, कशालाच नाही म्हणत नाही. पण थंडीत उघड्यावर राहिली की पहाटे सुरू होत नाही, आणि अडलेली गाय माझ्यासाठी थांबत नाही. धाकट्या भावाने लेथवर तीन वर्षं घाम गाळून टेकडी चढायच्या शर्यतीसाठी खास गाडी बनवली. जमिनीपासून तीन बोटं उंच, मागे इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख. ना छप्पर, ना दारं. दवानेसुद्धा सर्दी होईल अशी नाजूक.

"ताई, तुझी गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट."

"आणि तुझी? वाटेत शेणाचा पो आडवा आला की मुक्काम तिथेच!"

शेवटी बाबांनी तोडगा काढला. बाबा घड्याळजी, सेकंदाचे पक्के. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जी गाडी कमी वेळात पोहोचेल, शेड तिची. आणि वेळ मोजायचा तो शेडच्या दारापासून.

"गाडी काय पायथ्याशी जन्माला येते?" ते म्हणाले.

धाकट्याचा चेहरा पडला. आमच्या गल्लीत चार गतिरोधक आहेत.

आधी मी निघाले, पंच म्हणून बाबा शेजारी. चौदा मिनिटं वीस सेकंद. चढावर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं, पण त्याला शेड नको होती.

वरून बाबांनी धाकट्याला फोन केला, "नीघ," आणि स्टॉपवॉच दाबलं. खाली गल्ली स्पष्ट दिसत होती. दर गतिरोधकाला तो उतरायचा, फळ्या टाकायचा, गोगलगायीच्या चालीने गाडी पलीकडे न्यायचा आणि फळ्या आणायला उलटा पळायचा. पायथ्याशी आला तेव्हा बारा मिनिटं होऊन गेली होती. मी मनातल्या मनात शेडमध्ये औषधांचं कपाटसुद्धा लावून टाकलं.

मग ती गाडी खरी सुटली. आठ वळणं. पहिलं तिने असं घेतलं, की माझ्या तोंडून शिवीच गेली, कौतुकाची. मी कठड्यावर कधी चढले कळलं नाही. शेजारी बाबा दोन्ही हात वर करून ओरडत होते, "हाण! हाण लेका!"

गाडी टाकीपाशी थांबली. धाकट्याने हेल्मेट काढलं. "किती?"

बाबांनी मुठीतल्या घड्याळाकडे पाहिलं. काटा फिरतच होता. ते दाबायलाच विसरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला शेड हवी होती. अजूनही हवी आहे. पण ती आठ वळणं मीही पाहिली होती, आणि असं काही आपल्या घरात तयार झालंय याचा मला अभिमान वाटला.

"चौदा," मी म्हटलं. "चौदाला पाच सेकंद कमी."

धाकट्याने मला उचलूनच घेतलं. बाबांनी घड्याळ बंद करून खिशात टाकलं आणि घसा खाकरला.

"पाच नाही," ते म्हणाले, "सहा."