कुंकू पुसून या

आईची शवपेटी चर्चमध्ये आणली तेव्हा शाहूवाडीच्या अकरा बायका टेम्पोतून उतरून पायरीशी उभ्या होत्या. 

आई तिकडच्या डोंगरातल्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती. एका पावसाळ्यात एकीचं बाळंतपण करायला गेली आणि ओढ्याला पाणी आल्यामुळे आठ दिवस वाडीवरच अडकली. नुसतं बसायचं कसं, म्हणून भाताच्या लावणीला बायकांबरोबर चिखलात उतरली. त्यांच्या लावणीच्या गाण्याच्या चालीवर तिनं बायबलमधलं सर्वांत लहान स्तोत्र बसवलं. सगळ्या राष्ट्रांना, सगळ्या लोकांना देवाची स्तुती करायला बोलावणारं, जेमतेम दोन ओव्यांचं. बायकांचे देव त्यांच्या देवघरात होते तसेच राहिले, आणि दरवर्षी वाफ्यात हे गाणंही म्हटलं जाऊ लागलं.

शेवटच्या आठवड्यात आईनं एकच मागितलं होतं. “मातीला त्यांना बोलव. ते स्तोत्र त्यांनाच म्हणू दे.” मी हो म्हटलं होतं.

अमरसिंहकाका आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या पंचांचे सेक्रेटरी. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“वर्षाराणी, त्या बायकांना सांग, वेदीपुढं गायला यायचं असेल तर कुंकू पुसून या म्हणावं.”

“काय?”

“मंडळीचा नियम आहे, मी केलेला नाही. एखादा रुमाल दे त्यांना. मिनिटाचं काम.”

मिनिटाचं काम! काकांचा जन्म कोल्हापुरातला. शेजारच्या घरात बाईचं कुंकू कधी पुसतात हे त्यांना ठाऊक नसेल, असं मी मानत नाही. त्यांच्या स्वतःच्या पणजीच्या कपाळावर ते होतं.

“काका, त्या स्तोत्रात कुणाकुणाला बोलावलंय?”

“अर्थ मला शिकवू नकोस. सगळ्यांनी आधी प्रभूकडं यावं, असा अर्थ आहे.”

“त्या आल्यात की. साठ किलोमीटरवरून.”

“तुझं दुःख मी समजू शकतो,” काका म्हणाले. माझ्या रागाला त्यांनी दुःख म्हणून बाजूला ठेवलं, ते मला सर्वांत जास्त लागलं. आमचे पाद्री, पाळकसाहेब, नवीन होते. ते पुस्तकाची पानं उलटत राहिले.

बोलणं अंबूबाईंच्या कानावर गेलंच होतं. वाडीच्या बायकांत त्या सगळ्यांत वयस्क, आईची जुनी मैत्रीण. कमरेवर हात ठेवून त्या पुढं आल्या.

“मंजे आदी मालकास्नी मारून यायचं, मग गायाचं, आसं व्हय पावणं?”

मागच्या दोघीतिघी पदरात हसल्या. काका हसले नाहीत.

“माजं तर धा वर्सामागंच गेलंय पुसून,” अंबूबाई म्हणाल्या. “मी एकली चालती का तुमच्या द्येवाला?”

काकांना सुटल्यासारखं झालं. “हो, हो, तुम्ही या की आजी. तुमची काही अडचण नाही.”

मग कुणीच हसलं नाही. काकांना अजूनही कळलं नव्हतं आपण काय बोललो ते.

मी पेटीजवळ गेले आणि खांदेकऱ्यांना म्हणाले, “आईला बाहेर घ्या.”

“अगं, प्रार्थना व्हायचीय अजून!” काका धावत आले. “लोक काय म्हणतील?”

“लोकांनाच बोलावलंय, काका. उचला हो.”

त्यांनी उचललं. अंगणात दोन बाकं जोडून पेटी ठेवली. हळूहळू माणसं बाहेर आली, सगळी नाही. पाळकसाहेब पुस्तक घेऊन दारापर्यंत आले, थबकले, आणि मग पायऱ्या उतरले. काका आत पहिल्या बाकावर बसून राहिले. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती.

या गाण्यात एकीनं ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी उचलायची. दरवर्षी लावणीला जाऊन ओळ आईच द्यायची. आज अंबूबाईंनी दिली. सगळ्या लोकांनो, या. दहा जणींनी उचलली. मला शब्द पाठ होते, चाल मात्र मी कधी शिकलेच नव्हते. माझा आवाज मागं पडला, रागानं चिरकला. अंबूबाईंनी न बघताच माझं मनगट धरलं, लावणीच्या रांगेत नवख्या बाईला धरावं तसं, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून दिली.