झाकलेलं गोंदण

ठकीबाई खालापूरच्या बाजारात तीस वर्षं गोंदायला बसत होती. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, वाटीत काजळ, त्यात माक्याच्या पाल्याचा रस. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, फार तर नवऱ्याचं नाव. मेल्यावर सोनं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती गिऱ्हाइकाला सांगायची आणि बोलता बोलता सुई टोचायची.

एकाहत्तर साली लोधिवलीचा सहदेव बोटीवरून रजेवर आला. मालवाहू बोटीच्या इंजिनाला तेलपाणी करायचं त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी जपानात बोट दुरुस्तीला नऊ दिवस अडकली, तेव्हा बंदराजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यानं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. आत सगळे फोटो, तेही गोंदलेल्या माणसांचे. बरीच माणसं पाठमोरी आणि उघडी होती, म्हणून त्याच्या बायकोनं, बायजानं, ते पहिल्याच दिवशी ट्रंकेच्या तळाशी घातलं. पण चार दिवसांनी बाजारात तिनंच ठकीबाईला गाठलं.

"मावशी, घरी या. तुमच्या कामाचं कायतरी हाय."

दुपारी ओटीवर सहदेवनं पुस्तक उघडलं. ठकीबाई पहिल्या पानाकडे बघत राहिली.

"सदरा झ्याक हाय. कापड कुठलं रं?"

"सदरा नाय मावशी. कातडी हाय ती."

ठकीबाईनं पान डोळ्यांजवळ नेलं. पाठभर एक मोठा मासा पाण्याच्या धारेतून वर चढत होता. प्रत्येक खवल कडेला काळं आणि आत जाताना फिकं होत गेलेलं. तिच्या सुईनं रेघ उमटायची, ठिपका उमटायचा. हे फिकं होत जाणं तिनं कधी केलं नव्हतं.

"ह्याला किती दिस लागले असतील?"

"काय ठावं. लिवलंय ते मला वाचता येत नाय."

ठकीबाईला कुठलंच वाचता येत नव्हतं. ती पानं पुढं-मागं करत बसली. बऱ्याच वेळानं तिनं तीन वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवलं.

"ह्यो, ह्यो आन् ह्यो. एकच माणूस हाय."

"नाय गं मावशी. ह्याच्या पाठीवर नुसत्या रेघा हायेत."

"खांद्याखालचा तीळ बघ. आदी रेघा काढल्या. मग सावली भरली. रंग सगळ्यात शेवटी. पयल्या फोटोत गडी बारीक हाय, शेवटच्यात पोट सुटलंय. वरसं लागली असणार."

सहदेवनं तीळ बघितला. दोन वर्षं पुस्तक त्याच्यापाशी होतं. त्याला तो दिसला नव्हता.

ठकीबाई रोज येऊ लागली. एका फोटोत नुसते कारागिराचे हात होते: बांबूची काडी, तिच्या टोकाला ओळीनं बांधलेल्या पुष्कळ सुया, डाव्या हाताचा अंगठा काडीच्या खाली टेकू दिलेला. तिनं पळसदरीहून बांबू आणवला, काडी तासली, नऊ सुया बांधल्या आणि आधी स्वतःच्या पोटरीवर टोचून बघितलं. पोटरी सुजली. आठ दिवस ती लंगडत चालली. खपली पडली तेव्हा खाली विरळ ढगासारखा करडा पट्टा होता. तो दाखवायला ती लोधिवलीपर्यंत चालत आली.

एक गोष्ट मात्र तिला उमगत नव्हती. गोंदण मनगटाच्या अलीकडे थांबायचं, गळ्याच्या खाली थांबायचं, छातीच्या मधोमध एक उभी पट्टी कोरी राहायची.

"कापडं घातली की काय बी दिसत नाय," ती म्हणाली. "येवढं सोसायचं आन् झाकून ठेवायचं. कुणासाठी?"

बायजा तांदूळ निवडत होती. तिच्या हातावर तुळस होती, हनुवटीवर ठिपका. दोन्ही ती आठ वर्षांची असताना चौघींनी धरून काढलेली.

"तवा मला कुणी इचारलं नव्हतं, काय काढू म्हणून," ती सुपाकडे बघतच म्हणाली.

त्या चौघींच्या मधोमध सुई घेऊन ठकीबाईच बसली होती.

"मग आता इचारते," ती म्हणाली. "काय काढू?"

चौथ्या दिवशी, सहदेव खालापूरला गेलेला असताना, बायजानं ठकीबाईला माजघरात नेलं. ब्लाउजची कड खाली ओढून तिनं उजव्या खांद्याची मागची बाजू दाखवली.

"मासा. पण आपल्याकडचा. शेतात पाणी शिरल्यावर येतो तसला, बारका. दिसला नाय पायजे."

तळहाताएवढ्या माशाला पाच दुपारी लागल्या. बायजानं पदराचा बोळा दातांत धरला होता. एकदाही थांब म्हणाली नाही. सहदेवला तिनं स्वतःच सांगितलं. तो आधी चकित झाला, मग बघू दे म्हणाला. तिनं दाखवलं नाही. रजा संपली तेव्हा पुस्तक घरीच ठेवून तो बोटीवर गेला.

खपली पडल्यावर ठकीबाई आली. बायजाला स्वतःची पाठ दिसेना, म्हणून ठकीबाईनं मागं एक आरसा धरला आणि बायजानं पुढं दुसरा. दोन्ही आरसे हलत होते, मासा सापडायला वेळ लागला. मग तो दिसला: काळी पाठ, आणि पोटाकडे हळूहळू फिकी होत गेलेली खवलं.

हात अवघडला तरी ठकीबाईनं आरसा खाली घेतला नाही.

"शेपटीपाशी," बायजा शेवटी म्हणाली, "अजून दोन खवलं पायजेत."

"बस मग," म्हणत ठकीबाईनं सुया काढल्या.