पत्र्यावरचं दव

मामांची थाप कधी एकटी यायची नाही. तिच्या मागून तिची चार पोरं यायची. अग्निशमन दलात चौतीस वर्षं पाणी मारलेला हा माणूस. कापसाच्या गोदामाची आग आपण नुसती दरडावून विझवली, हे ते शपथेवर सांगायचे. वर त्या आगीने माफी मागितली, हेही सांगायचे. ऐकणारे हसायचे, चहा पाजायचे आणि पाठ वळली की ‘फेकूमामा’ म्हणायचे. मामांना ते ठाऊक होतं. खरं बोलणाऱ्याला कुणी चहा पाजत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकच वाक्य ते न हसता सांगायचे. नव्या भरतीला, पहिल्या दिवशी, छातीवर बोट ठेवून : “धूर गेला की आग मेली.” लाकूड, कापूस यांच्या आगीत ते कामी आलं होतं. मामांना ते त्यांच्या उस्तादांनी दिलं, मामांनी आपल्या चेल्याला, लंबूला. लंबूने तर ते ठाण्याच्या भिंतीवर तैलरंगात लिहूनच टाकलं.

अठरा दिवसांपूर्वी वीज साठवायच्या केंद्रात आग लागली. मालट्रकएवढे चाळीस पत्र्याचे कंटेनर, आत बॅटऱ्या शिगोशीग भरलेल्या. त्यातले चार कंटेनर दोन दिवस जळत राहिले. तिसऱ्या सकाळी सातव्या कंटेनरचा धूर थांबला. लंबूने घटकाभर वाट पाहिली आणि दार उघडलं. आत कोंडलेला गॅस हवेचीच वाट बघत होता.

लंबूला स्मशानात पोचवून आल्यावर मामा गप्प होतील असं सगळ्यांना वाटलं. उलट थापा दुप्पट झाल्या. गप्प बसलं की भिंतीवरचं ते वाक्य त्यांना ऐकू यायचं.

निवृत्त असूनही ते केंद्रावर पहाऱ्याला येऊन बसले, कारण साफसफाईच्या टोळीची मुकादम त्यांची सख्खी भाची होती. जळक्या कंटेनरांच्या शेजारचेही रिकामे करायचे, बॅटऱ्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवायच्या, उरलीसुरली वीज जिरू द्यायची, असं काम. मामांनी आठवड्यात तीनदा ते थांबवलं होतं. एकदा कंटेनर खोकला म्हणून, एकदा त्याने हाक मारली म्हणून. तिसऱ्यांदा भाची सगळ्यांदेखत ओरडली होती.

आज नववा उघडायचा होता. आठ वाजता, आणि आधी आत जाणार ती.

सात वाजता मामा फेरीला निघाले. थंडीचे दिवस. सगळे कंटेनर दवाने धुतल्यासारखे ओले. नवव्याच्या मागे मात्र ते थबकले. कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, परातीएवढा पत्रा कोरडा ठाक होता. मामांनी हात जवळ नेला, लावला नाही.

भाची बूट चढवत होती. “आता काय, मामा? आज शिंकला का?”

टोळी खिदळली. मामांच्या तोंडात सगळं तयार होतं : पत्रा गुरगुरला, रंगाला घाम फुटला, लंबू स्वतः दारात आडवा उभा राहिला. त्यांनी ते सगळं गिळलं.

“नवव्याच्या मागच्या पत्र्यावर दव नाही.”

“बरं. मग?”

“मग काही नाही. बाकी सगळे ओले आहेत. तिथे परातीएवढं कोरडं आहे.”

“आत तापलंय म्हणतोस? मीटर थंड दाखवतंय.”

“मीटर पुढे, दाराशी आहे. डाग मागे आहे.”

ती थापेच्या शेपटाची वाट बघत राहिली. ते आलंच नाही.

“एवढंच?”

“एवढंच.”

तिने एक बूट तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. “मामा, तुला बरं नाही का रे?”

“बये, धूर गेला की आग मेली, हे लंबूला मी शिकवलं. आयुष्यात खरं म्हणून तेवढं एकच सांगितलं होतं.”

कुणी हसलं नाही. भाचीने बूट खाली ठेवला. “सगळे कुंपणाबाहेर व्हा. दुरून पाणी लावा मागच्या पत्र्यावर.”

वरून साहेबांचा फोन आला, दुसरा आला. “उशीर माझ्या नावावर घाला,” म्हणून तिने दोन्ही ठेवले.

पावणेबाराला नवव्याचं दार बिजागऱ्यांसकट उडून समोरच्या खडीत रुतलं. तिथे कुणी नव्हतं. भाची बराच वेळ मामांचं मनगट धरून राहिली.

दुपारी टोळीने स्वतःहून चहा आणला. “विजेच्या खांबाएवढी ज्वाळा होती, नाही मामा?”

“छपरापासून दोन हात,” मामा म्हणाले.

“अहो, आम्ही डोळ्यांनी बघितली!”

“दोन हात.”

संध्याकाळी ते ठाण्यात गेले, रंगाचा डबा मागून घेतला. लंबूचं अक्षर पुसायला हात धजेना. म्हणून त्याच्याच खाली त्यांनी लिहिलं : ‘हे खोटं आहे.’ आणि खाली आपली सही केली.