रंगनाथ राहिला तो उतार

पूर्णेला रेल्वेत गँगमन म्हणून राबलेले सटवाजी जन्मात कधी डोंगर चढले नव्हते. जिंतूरकडच्या टेकड्या तेवढ्या एसटीतून पाहिलेल्या. त्यांचा मुलगा रंगनाथ मात्र रेल्वेत क्लार्क लागल्यावर गिर्यारोहण शिकून आला आणि सत्त्याऐंशीच्या जानेवारीत तीन सोबत्यांबरोबर हिमाचलातल्या एका उंच शिखरावर गेला. तिघे परतले. रंगनाथ वरच्या उतारावरून घसरून बर्फाच्या भेगेत पडला होता. उन्हाळ्याशिवाय तिथं कुणालाच जाता येणार नाही, असं कळवण्यात आलं.

त्याच्या आईला, धुरपताबाईंना, हे पटेना.

"तवर लेकरू बर्फातच ठेवायचं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी जावा. आणता न्हाई आलं तर तोंड तरी बघून या."

सटवाजी गेले.

पायथ्याच्या गावात कुणी वर यायला तयार होईना. शेवटी बिशनसिंग नावाचा म्हातारा हमाल उठला. त्याचा भाऊही त्याच डोंगरात बर्फाखाली राहिला होता. पहिल्या तळापर्यंत नेतो, पुढं हट्ट करायचा नाही, असं त्यानं बजावलं. सटवाजींनी मान डोलावली.

बर्फ मांडीपर्यंत होता. एक पाय उपसावा तर दुसरा रुतायचा. मागून घेतलेले बूट ढिले होते. मोजे भिजले आणि भिजलेलेच गोठले. उंची वाढली तसा दम पुरेना. जरा चालून काठीवर ओणवं व्हायचं, तोंड उघडून हवा ओढायची, तरी छाती रितीच राहायची. डोकं ठणकू लागलं, चहा पोटात ठरेना. वाऱ्यानं उडणारा बर्फाचा भुगा डोळ्यांत टोचायचा. पाय आधी खूप दुखले, मग दुखायचे थांबले. त्याचीच सटवाजींना जास्त भीती वाटली.

तळावर पोचल्यावर बिशननं हात करून दाखवलं. खूप वर, ढगात अर्धा बुडालेला एक पांढरा उतार होता.

"वहाँ," तो म्हणाला.

सटवाजी बराच वेळ बघत राहिले. मग ते तिकडं चालू लागले. पुढं बर्फ काचेसारखा टणक झाला होता. ते घसरले, उठले, परत घसरले. बिशन मागून येऊन पोचला तेव्हा ते मटकन खाली बसलेले होते.

"तुम जाव," ते आपल्या दखनी हिंदीत म्हणाले. "मैं इधरइच रहता."

"घर में कौन है?"

"उसकी माँ."

बिशननं त्यांच्या कमरेला दोर बांधला आणि ओढतच खाली नेलं. सटवाजींनी एकदा वळून पाहिलं. उतार ढगात गेला होता.

खाली दवाखान्यात त्यांच्या डाव्या पायाची बोटं कापावी लागली.

पूर्णेला घरी आल्यावर धुरपताबाईंनी पायाची पट्टी पाहिली, पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"बघितलं का त्याला?"

पाहिलं, झोपल्यासारखा दिसत होता, असं सांगायचं सटवाजींनी गाडीत ठरवलं होतं. ते त्यांना जमलं नाही.

"न्हाई. मी तिथवर गेलोच न्हाई."

"लांबून?"

"लांबून बर्फ दिसला."

"हाक तरी मारायची."

"दम नव्हता गं."

जूनमध्ये तार आली. शेजारच्या भगवानराव मास्तरांनी ती वाचून दाखवली. वसंतात तो सगळा उतारच खाली कोसळला होता, भेग कुठं होती तेही आता ओळखू येत नव्हतं. शोध थांबवला होता.

तोवर रंगनाथच्या मागं त्यांनी कसलाच विधी केला नव्हता. त्या आठवड्यात बुद्धविहारात त्याच्यासाठी वंदना झाली. माणसं पांगल्यावर धुरपताबाई भिंतीला टेकून बसल्या.

"तिथं आवाज येतो का कशाचा?" त्यांनी सटवाजींना विचारलं.

"वाऱ्याचा येतो."

"दिवसभर?"

"हो. थांबतच न्हाई."

"मग सोबत हाय त्याला," धुरपताबाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी डोंगराबद्दल काही विचारलं नाही.