डोक्यावर एक मूठ

रंगांचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाची बायको त्याच्यापेक्षा अर्धं डोकं उंच होती. लग्नाच्या फोटोत ती खुर्चीवर बसली आहे आणि तो मागे उभा आहे. ही युक्ती फोटोग्राफरची. शाळेत तिला ‘शिडी’ म्हणायचे. माहेरी आईचा एकच धोशा असायचा, "अगं, जरा वाकून चाल, लोक बघतात." त्यामुळे खांदे पाडून चालायची तिला सवयच जडली. नवऱ्याला मात्र तिच्या उंचीचं भारी कौतुक. आमच्या घरात माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागत नाही, असं तो चारचौघांत ऐटीत सांगायचा.

ती दातांच्या कॅप बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या दातांचे ठसे यायचे आणि त्यांवरून ती मेणात एकेक दात कोरायची. समोरच्या दातांचं अवघड काम आलं की डॉक्टर म्हणायचे, "हे बाईंकडेच पाठवा." तिनं केलेला दात आरशात पाहून पेशंटला स्वतःचा खरा दात कुठला ते ओळखू यायचं नाही.

तिची लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला हलली आणि एका गाडीवर भागेनासं झालं. तशी रोज सकाळी कटकट होतीच. आदल्या दिवशी गाडी तिनं चालवलेली असली की त्याचे पाय क्लचपर्यंत पोचायचे नाहीत.

"माझे पाय काय रबराचे आहेत का?" तो खालून ओरडायचा.

"मग माझे गुडघे काय घडीचे आहेत?" ती गॅलरीतून उत्तर द्यायची.

शेवटी दुसरी गाडी घ्यायची ठरली. एका रविवारी नवरा, बायको आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक असे तिघं बाहेर पडले. शोरूममध्ये एक गंमत झाली. गाडी बायकोसाठी हवी आहे असं दोनदा सांगूनही विक्रेता दार उघडून म्हणत होता, "या सर, बसून बघा." सर बसायचे, त्यांना सगळ्याच गाड्या ऐसपैस वाटायच्या. मग ती बसायची, आणि कुठे गुडघा स्टीअरिंगला लागायचा, कुठे कपाळ दाराच्या चौकटीला.

दुपारी ते ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. त्याच्याकडे एक जुनी गाडी विकायला होती. उंच छपराची, चौकोनी. एकाच मालकाच्या हातात राहिलेली, इंजिन ठणठणीत. तिनं सीट मागे सरकवली, पाठ टेकली आणि डोक्यावर मूठ उभी धरली. टाळू आणि छप्पर यांच्यात मूठ आरामात मावली. ती एकदम हसली. "अहो, बघा ना, अख्खी मूठ!"

नवऱ्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. रंग धुवट पांढरा, मागचा भाग सरळ कापल्यासारखा. "पाव पोचवायला येते ती गाडी वाटते," तो म्हणाला.

"बाबा, प्लीज, ही नको," लेक म्हणाली. "आई मला हिच्यातून कॉलेजसमोर सोडणार का?"

"दिसायला काय करायचंय?" बायको म्हणाली. पण तेवढंच. पुढे तिनं विषय काढला नाही, आणि त्याला वाटलं, तिलाही पटलं असेल.

तिच्या वाढदिवसाला दारात गाडी उभी होती. मोरपंखी निळी, कोरी, छपरात सरकती काच असलेली. रंगाच्या धंद्यातला माणूस. निळा त्यानं तासभर छटा न्याहाळून निवडला होता. लेकीनं काच सरकवून आभाळाकडे हात बाहेर काढले. त्या काचेच्या यंत्रणेपायी छप्पर आतून चार बोटं खाली आलं आहे, हे बापलेकींच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती आत बसली. सीट जाईल तेवढी खाली केली.

"डोकं लागतंय का गं?"

"केसच लागतात नुसते. होईल सवय." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "छान आहे हो. रंग तर फारच छान."

त्याला जे ऐकायचं होतं तेवढं त्यानं ऐकलं.

गाडी तशी गुणी होती. एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. ती रोज त्या गाडीनं जायची, दिवसभर टेबलावर वाकून दात कोरायची आणि मान वाकवूनच परत यायची. एकदा तो दुकानाच्या कामानं चौकात उभा होता, तेव्हा सिग्नलला ती निळी गाडी दिसली. दिवा काचेच्या वरच्या कडेआड जात होता म्हणून बायको हनुवटी स्टीअरिंगवर टेकून, मान वर मुरडून तो शोधत होती. कासवानं कवचातून डोकं काढावं तशी. रात्री जेवताना त्यानं तिची हुबेहूब नक्कल केली. लेक ठसका लागेपर्यंत हसली. तीही हसली.

दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरनं समोरच्या दाताची कॅप परत पाठवली. पुन्हा केली, ती पुन्हा परत आली. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मग तिनं कबूल केलं की अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कोरणी धरली आहे की नाही, ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो पाहिला. "काम वाकून करता?"

"हो."

"आणि गाडी?"

नवराच म्हणाला, "गाडीतही वाकूनच बसते."

"फक्त गाडीनं झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मानेला सरळ व्हायची सवड कधी मिळाली, सांगा बरं?"

परत येताना गाडी तो चालवत होता. त्याच्या डोक्यावर भरपूर जागा होती. त्यानं विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं आणली होती." ती खिडकीबाहेर पाहत होती. "आणि वाकायला मला नवीन काय होतं?"

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

आठवड्याभरात त्यानं निळी गाडी विकली. मेकॅनिककडे गेला, तर ती चौकोनी गाडी केव्हाच गेलेली. "रोज दिसते की इथून जाताना. अजून तशीच पळते," मेकॅनिक सहज बोलून गेला. त्याच्याच मदतीनं तशी दुसरी शोधली. या खेपेला विक्रेत्यानं "सर, बसा" म्हटल्यावर त्यानं हात जोडले. "मी नाही. त्या बसतील, त्या सांगतील." लेक गपचूप मागच्या सीटवर जाऊन बसली आणि आईकडे बघत राहिली.

व्यायामानं मान सुधारली. दुखणं गेलं. बोटं मात्र पुरती परत आली नाहीत. हातमोजा घालून धरल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. समोरच्या दातांचं काम तिनं सोडलं. लॅबमालकानं तिला इतरांचं काम तपासायला ठेवलं.

एका दुपारी दुकान लवकर बंद करून तो लॅबमध्ये गेला. काचेच्या दारातून ती दिसली. एका नव्या बाईच्या मागे ती उभी होती.

"कडा इतकी सरळ नको," ती सांगत होती. "खरा दात झिजलेला असतो. इथून जरा घे... नाही, इतकं नाही." तिचा हात आपसूक कोरणीकडे गेला. कोरणी तिनं उचलली, बोटांत धरून पाहिली आणि परत त्या बाईच्या हातात दिली. "तूच कर. मी सांगते."

त्याला पाहून ती दारात आली. "काय हो, काय झालं?"

"काही नाही. सहज आलो."

"मग बसा. मला वेळ लागेल."

तो भिंतीजवळच्या बाकावर बसला. आत मेण वितळल्याचा वास भरला होता. काम संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.